मोल्डवाली ग्रिप भारी, मनगटाचा पट्टा मात्र जपून

गोल्फमधल्या स्लाइसला, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जाण्याला, वैतागून घेतलेला ग्रिप सुधारायचा सेट आहे हा, आधीच सांगते, म्हणजे कुठल्या मूडमध्ये घेतला ते कळेल. दोन वर्षं माझा ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा (गोल्फच्या काठीचा), बॉल सरळ निघतोय असं वाटेपर्यंत उजवीकडे कलंडायचा आणि झाडीत जायचा, सात नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) त्यातल्या त्यात बरा पण तोही लाजत लाजत उजवीकडेच. खांदे फिरवून झाले, वजन डाव्या पायावर नेऊन झालं, डोकं खाली ठेवून मान आखडली. हात क्लबवर बसतात कसे याकडे मात्र कधी नीट बघितलंच नाही, कारण ग्रिप काय, धरायची असते, त्यात शिकायचं काय असा माझा समज.

तर सेटमध्ये दोन वस्तू येतात. एक म्हणजे रबराचा मोल्ड, बोटांच्या आणि अंगठ्यांच्या खाचा पाडलेला, तो आपल्याच क्लबच्या ग्रिपवर, म्हणजे मुठीवर, चापासारखा बसतो आणि त्याने बॉल मारता येतात. दुसरा मनगटाचा पट्टा, डाव्या हाताच्या पंजावर आणि मनगटाच्या वर अशा दोन पट्ट्या, मध्ये बिजागरी, आणि मनगट ठरावीक मर्यादेपेक्षा मागे मोडलं की 'टक' असा आवाज करते. मी उजव्या हाताने खेळते त्यामुळे खाली डावा-उजवा जे म्हणेन ते त्या हिशोबाने, डावखुऱ्यांनी उलटं वाचा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हीच वस्तू थोड्याफार फरकाने वेगवेगळ्या नावांनी मिळते आणि मला जे म्हणायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. चार महिने वापरून लिहितेय, दोन दिवसांत नाही.

आधी मोल्ड. पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा वाटलं ही वस्तू दुसऱ्याच कोणाच्या हाताची आहे. इतका डावा हात उजवीकडे वळवलेला? मी आत्तापर्यंत क्लब तळहातात धरत होते, आडवा, काठी धरतात तसा, आणि अंगठा बरोब्बर शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) मधोमध ताणून. वरून बघितलं की डाव्या हाताचा जेमतेम एक नकल दिसायचा, म्हणजे मुठीवरचा एकच उंचवटा. याला वीक ग्रिप म्हणतात. वीक आणि स्ट्राँग या शब्दांनी बऱ्याच जणांचा घोळ होतो, माझाही झाला होता, त्याचा जोर लावण्याशी काहीही संबंध नाही, हात शाफ्टभोवती किती फिरवून ठेवलाय एवढाच अर्थ. डावा हात उजवीकडे फिरवून तीन नकल दिसले तर स्ट्राँग, एकच दिसला तर वीक, दोन-अडीच दिसले तर न्यूट्रल. मोल्ड माझ्या मोजणीप्रमाणे अडीच ते तीनमध्ये बसवतो, म्हणजे स्ट्राँगकडे झुकलेला, आणि हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच रामायण झालं.

मोल्डची खरी कमाल नकलमध्ये नाहीये, बोटांत आहे. त्याची खाच करंगळीच्या मुळापासून तिरकी जाते आणि तर्जनीच्या मधल्या पेरावर येते, त्यामुळे क्लब तळहातातून निघून बोटांत येतो आणि तळहाताची करंगळीकडची जाड गादी वरून क्लबवर बसते. याने काय होतं तर मनगट मोकळं होतं. हातोडीने खिळा ठोकताना बघा, हातोडी आपण बोटांतच धरतो, घट्ट तळहातात धरली तर मनगट अंगठ्याच्या दिशेने वर मोडतच नाही आणि मग सगळा घाव खांद्याने घालावा लागतो. गोल्फमध्येही तेच. क्लब वर नेताना मनगट अंगठ्याकडे मोडून हात आणि शाफ्टमध्ये जवळपास काटकोन तयार व्हायला हवा, माझा तो कधी व्हायचाच नाही आणि मला वाटायचं की माझी लवचिकता कमी आहे. लवचिकता कसली, ग्रिपच चुकीच्या जागी होती. माझ्या ग्लोव्हला नेहमी त्या गादीवरच भोक पडायचं, दर वेळी तिथेच, आणि मी ग्लोव्हच्या क्वालिटीला शिव्या द्यायचे. क्लब तिथे घसरत होता म्हणून कातडं घासलं जात होतं, एवढं साधं. मोल्ड वापरायला लागल्यापासूनचा ग्लोव्ह अजून शाबूत आहे.

पहिला आठवडा मात्र भयानक गेला. टॉप (बॉलच्या डोक्यावर फटका), शँक (क्लबच्या मानेला लागून आडवा गेलेला बॉल), जमिनीत खोदकाम, सगळं. एका संध्याकाळी तर बॉल हॉझेलला, म्हणजे त्या मानेलाच, लागून शेजारच्या मॅटवर गेला आणि तिथल्या काकांनी मला नजरेनेच काय ते सांगितलं. ग्रिप बदलली की आधीची सगळी जुगाडं उघडी पडतात, कारण शरीर इतके दिवस उघड्या फेसला (फेस म्हणजे क्लबच्या डोक्याची बॉलला लागणारी बाजू, उघडा म्हणजे उजवीकडे बघणारा) सांभाळून घेत असतं आणि आता सांभाळायला काही उरलेलंच नसतं. म्हणून घेणाऱ्यांनो, आठ दिवसांत वस्तू परत करू नका, निदान तीन आठवडे द्या.

आता हे सगळं एवढं महत्त्वाचं का, तर बॉल निघतो कुठल्या दिशेला हे मुख्यतः फेस ठरवतो. लाँच मॉनिटरवाले (बॉल आणि क्लबची गती-दिशा मोजणारं यंत्र वापरणारे) आकडा सांगतात की ड्रायव्हरला सुरुवातीची दिशा साधारण ८५ टक्के फेसवर असते, आयर्नला ७५ टक्क्यांच्या आसपास, उरलेली क्लबच्या मार्गावर. आणि वळतो कुठे ते ठरतं फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर, मार्गाच्या मानाने फेस उघडा राहिला की स्लाइस, बंद झाला की हुक, म्हणजे डावीकडे वळणारा बॉल. १५० यार्डांवर ४ अंशांची चूक म्हणजे सरळ रेषेतच दहा यार्ड बाजूला, वळण वेगळं. बरं, हे खाली येताना सुधारता येईल का, तर डाउनस्विंग पाव सेकंदाचा आणि बॉल-फेसचा संपर्क अर्ध्या मिलिसेकंदाचा, तिथे विचार करायला जागाच नाही. जे काय ठरायचं ते हात ठेवताना आणि फार तर बॅकस्विंगच्या टोकाला, म्हणजे क्लब मागे वर नेऊन पोचतो तिथे, ठरतं. वेगात हात आपोआप आपल्या नैसर्गिक जागी परत येतात, तुम्ही वीक धरला असेल तर परत येताना फेस उघडतो, स्ट्राँग धरला असेल तर बंद होतो. तुमची नैसर्गिक जागा कुठली ते बघायचं असेल तर हात सैल सोडून नुसते उभे राहा आणि खाली बघा, डाव्या हाताचे किती नकल दिसतात ते. माझे अडीच दिसतात. म्हणजे दोन वर्षं मी माझ्याच हाताशी भांडत होते.

तीन आठवड्यांनी नुसत्या मोल्डने माझा सात नंबर सरळ जायला लागला, ड्रायव्हरची स्लाइस निम्म्याच्या खाली आली. इथे थांबले असते तर हा रिव्ह्यू चार ओळींचा झाला असता. पण दुसरी वस्तू डब्यात पडली होती ना, मग ती काढली.

पट्टा. माहितीपत्रकात फक्त चित्रं आहेत, एक चित्र हिरव्या खुणेचं त्यात मनगट सपाट, एक लाल फुलीचं त्यात मनगट मागे मोडलेलं, म्हणजे पंजाच्या पाठीमागे वाटीसारखा खळगा पडतो तसं, कप म्हणतात त्याला. याच्या उलट पोक काढल्यासारखं बाहेर फुगलं तर बो. पट्ट्याचं एकच म्हणणं, कप म्हणजे पाप. मी मोल्ड आणि पट्टा दोन्ही लावून उभी राहिले आणि बॉलला हात लावायच्या आधीच, नुसत्या ॲड्रेसला, म्हणजे फटक्यासाठी उभं राहतानाच, 'टक'! कारण उघड आहे, डावा हात उजवीकडे वळवून धरला की मनगट उभं राहतानाच थोडं मागे मोडलेलं असतं, न्यूट्रलवाल्यांचंही थोडं असतंच. मग मी काय केलं, तर बिजागरीचा स्क्रू पिळला आणि पट्ट्याला गप्प केलं, आणि वर गेल्यावर मनगट मुद्दाम सपाट ठेवायला लागले.

हुक. एकेक बॉल डावीकडे, तोही असा खाली दबून की जमिनीपासून उठायलाच तयार नाही. वीस बॉलपैकी चौदा डाव्या जाळीत. जन्मात कधी हुक मारला नव्हता मी, पहिले पाच तर मला आवडलेच! मग घाबरले. पुढचे दहा-बारा दिवस हेच, आणि त्यातून मी शरीराने सांभाळून घ्यायला लागले, खाली येताना थांबायचं, हात पुढे ढकलायचे, म्हणजे स्लाइसच्या जुगाडातून बाहेर पडून हुकच्या जुगाडात.

शेवटी सरावाच्या रेंजवरच्या एका कोचना दाखवलं. त्यांनी दोन स्विंग बघितले, माझ्या हातातला पट्टा सोडला, खिशात टाकला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा हात नाही चुकत, जोडी चुकतेय. एकाच दुखण्यावर दोन गोळ्या घेतल्यात तुम्ही." मग त्यांनी माझा फोन मागून, हातांच्या उंचीवर लावून व्हिडिओ काढला आणि बॅकस्विंगच्या टोकाला थांबवून दाखवला. क्लबची पुढची कड आणि डावा फोरआर्म (कोपर ते मनगट) एकमेकांना समांतर दिसले तर फेस चौकोनी, म्हणजे स्क्वेअर, उघडाही नाही आणि बंदही नाही, कड जमिनीकडे लोंबत असेल तर उघडा, फेस आकाशाकडे बघत असेल तर बंद. माझा फेस आकाशातले ढग मोजत होता.

हिशोब असा आहे, आणि हा हिशोब माहितीपत्रकात एका ओळीत लिहिता आला असता. ग्रिप न्यूट्रल असेल तर टोकाला सपाट मनगटाने फेस चौकोनी राहतो. ग्रिप स्ट्राँग असेल तर फेस चौकोनी राहायला मनगटात थोडा कप लागतो, तिथे सपाट केलंत की फेस बंद. आणि ग्रिप वीक असेल तर सपाटच काय थोडा बो पण चालून जातो, तिथे कप केलात की फेस सताड उघडा, माझं मूळ दुखणं हेच होतं, वीक ग्रिप वर कप. त्यावर मोल्डने ग्रिप बदलली तेव्हा माझा जुनाच कप नव्या ग्रिपशी जुळला आणि बॉल सरळ जायला लागला, मी मात्र पट्टा लावून तो कपही काढून टाकला. म्हणजे एकाच डब्यात दोन वस्तू विकतायत आणि त्यांचा आपसात छत्तीसचा आकडा! सुटी सुटी दोन्ही बरोबर, एकत्र लावली की हुक.

मोठ्या खेळाडूंकडे बघितलं तर हे आणखी पटतं. डस्टिन जॉन्सनचं मनगट टोकाला असं काही बाहेर फुगलेलं असतं की बघूनच दुखतं, त्याच मनगटाने त्याने २०२० ची मास्टर्स स्पर्धा २० अंडरने, म्हणजे ठरलेल्या पारपेक्षा २० फटके कमी मारून, जिंकली, पण तो खाली येताना अंग इतक्या जोरात डावीकडे उघडतो की बंद फेसला बंद व्हायला वेळच मिळत नाही. तुमचं-माझं अंग तसं फिरत नाही. आणि दुसऱ्या टोकाला बेन होगन, आयुष्याची पहिली बरीच वर्षं हुकने छळलेला माणूस, त्याने डावा हात वीककडे नेला आणि टोकाला मनगटात कप आणला, १९५५ मध्ये लाइफ मासिकातून त्याने आपलं 'गुपित' म्हणून जे जगाला सांगितलं ते हेच होतं. आता गंमत बघा, होगनने हा पट्टा बांधला असता तर याने त्याला दर स्विंगला टक टक करून सांगितलं असतं की तुझं चुकतंय.

मग पट्टा कचऱ्यात टाकायचा का? नाही. एका गोष्टीत तो खरंच कामाचा आहे आणि विकणाऱ्यांनी ती गोष्ट डब्यावर शेवटी, बारीक अक्षरात टाकलीये. चिपिंग, म्हणजे ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) जवळून मारायचा छोटा फटका. माझ्यासारख्या कित्येकांना ग्रीनजवळून बॉल उचलायची खोड असते, म्हणजे क्लब बॉलखाली घालून मनगटाने चमच्यासारखं वर ओढायचं, त्यात डावं मनगट फटक्याच्या आधीच मागे मोडतं, क्लबचं डोकं हातांच्या पुढे निघून जातं आणि मग एक तर जमीन आधी लागते नाहीतर बॉलच्या पोटात कड लागून तो ग्रीनच्या पलीकडे. पट्टा बांधून चिप मारली की ती 'टक' बरोबर चुकीच्या क्षणी ऐकू येते, आणि इथे हालचाल एवढी छोटी आणि हळू असते की ऐकून पुढच्या बॉलला सुधारता येतं, पूर्ण स्विंगमध्ये आवाज येतो तेव्हा बॉल कधीच गेलेला असतो. रोज तीसेक चिप, स्क्रू थोडा सैल ठेवून, एवढंच मी आता करते आणि माझं जमीन खोदणं खूप कमी झालंय. उंच, मऊ पडणारा लॉब मारायचा असेल तर मात्र पट्टा काढा, तिथे कप हवाच असतो.

उजव्या मनगटाबद्दल या सेटमध्ये चकार शब्द नाही याचं मला नवल वाटलं. टोकाला उजवं मनगट तळहातावर ताट तोलल्यासारखं मागे मोडलेलं असतं आणि फटक्याच्या वेळीही बऱ्यापैकी तसंच राहायला हवं, ते लवकर सरळ झालं की डावं आपोआप मागे मोडतं, दोन्ही हात एकाच दांड्याला बांधलेले असतात ना. क्रिकेट खेळलेल्यांचा खालचा हात इथे फार घात करतो, बॅटला ढकलायची सवय असते तसा तो क्लबला ढकलतो. माझ्या मते कप पकडण्यापेक्षा उजवा हात पकडणारं काहीतरी जास्त उपयोगी पडलं असतं.

आता मोल्डच्या तक्रारी, कारण तोही काही संत नाही. एक तर साइज एकच. माझे हात लहान, त्यामुळे उजव्या अंगठ्याची खाच माझ्या अंगठ्याच्या पुढे जाते. ग्रिपचं माप बघायची जुनी रीत आहे, डाव्या हाताने धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं तळहाताच्या गादीला जेमतेम टेकायला हवीत, रुतली तर ग्रिप बारीक, अंतर राहिलं तर जाड. मोल्ड चढवला की ग्रिप जाडच होते आणि माझी टोकं टेकत नाहीत. दुसरं म्हणजे खाचा ओव्हरलॅपच्या आहेत, उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर टेकवायची ती पद्धत, जिला व्हार्डन ग्रिप म्हणतात. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेल्या हॅरी व्हार्डनमुळे ते नाव पडलं, जरी त्याच्याआधी जॉनी लेडली तसाच धरायचा. पण लहान हातांच्या लोकांना करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवलेली इंटरलॉक जास्त सोयीची पडते, आणि जॅक निकलस व टायगर वुड्स दोघं आयुष्यभर इंटरलॉकनेच खेळले तर ती काही दुय्यम पद्धत नव्हे. या मोल्डवर इंटरलॉक करायला गेलात की मधला उंचवटा बोटांत रुततो. मी तो ब्लेडने तासला. वॉरंटी गेली असेल, जाऊ दे.

तिसरी तक्रार जरा आतली आहे आणि मला ती दीड महिन्याने कळली. मोल्ड हात घसरू देत नाही, त्यामुळे त्यावर तुम्ही सैल धरू शकता, आणि मोल्ड काढला की साध्या गोल ग्रिपवर घाबरून आवळता. आवळलं की फोरआर्म ताठ, मनगट ताठ, फेस बंद व्हायला उशीर, परत स्लाइस. ग्रिप पक्ष्याचं पिल्लू धरल्यासारखी धरा असं सगळे सांगतात, पण पिल्लू हातात घेऊन कोणी ताशी ८० मैलांनी फिरवत नाही हो. मला उपयोगी पडलं ते वेगळंच, दाब डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्याच्या मधल्या दोन बोटांत ठेवायचा, अंगठे आणि तर्जन्या नुसत्या टेकलेल्या. आणि मोल्डने पाच बॉल, काढून पाच बॉल, असं आलटून पालटून. नुसत्या मोल्डवर शंभर बॉल मारलेत तर शिकतो मोल्ड, तुमचे हात नाही. मी घरी डोळे मिटून साध्या क्लबवर हात ठेवते, मग उघडून नकल मोजते आणि अंगठा-तर्जनीमधला व्ही उजव्या खांद्याकडे बघतोय का ते बघते.

हात ठेवताना वरच्या टोकाला साधारण अर्धा इंच ग्रिप शिल्लक सोडा, हे मोल्डवर आखलेलं नाही पण असायला हवं होतं. क्लबचं बूड तळहाताच्या गादीत रुतत राहिलं तर तिथलं हॅमेट नावाचं छोटं हाड, त्याचा आकड्यासारखा वळलेला भाग मोडू शकतो, गोल्फवाल्यांची ही ओळखीची दुखापत आहे. तिथे दुखलं तर बॉल मारत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि मोल्ड फक्त सरावाला. नियमांप्रमाणे पटर (ग्रीनवर बॉल भोकाकडे ढकलायचा क्लब) सोडून बाकी क्लबची ग्रिप गोलच लागते, फार तर लांबीभर एक सरळ बारीक उंचवटा चालतो, बोटांच्या खाचा अजिबात नाही. मोल्ड चढवलेल्या क्लबने स्पर्धेत एक जरी स्ट्रोक मारलात तर डिस्क्वालिफाय. पट्टाही फेरीत बांधायचा नाही, त्याची वेगळी पेनल्टी आहे. टी-ऑफच्या, म्हणजे पहिल्या फटक्याच्या, आधी बॅग तपासा, मी एकदा मोल्ड आठ नंबरवर तसाच विसरले होते, नशीब मैत्रिणीने बघितलं.

मोल्डला पाचपैकी चार, एक गुण साइजचा कापला. पट्ट्याला अडीच, ते सगळे चिपिंगचे. वेगवेगळं मिळत असेल तर मोल्डच घ्या, आणि दोन्ही घेतलेत तर पट्टा बांधायच्या आधी टोकाचा एक व्हिडिओ काढून फेस बघा, चौकोनी असेल तर पूर्ण स्विंगला पट्टा बांधूच नका. डावखुऱ्यांसाठी या सेटमध्ये काहीच नाही, मोल्ड उलटा लावून बघितला मैत्रिणीने, बसतो, पण खाचा सगळ्या चुकीच्या बोटांखाली येतात. पट्ट्याचं वेल्क्रो तिसऱ्या महिन्यातच सुटायला लागलंय, सध्या वरून रबरबँड लावून चालवतेय.